उरलेली गंमत चूळ भरल्यावर

मी खुर्ची बोलतेय. लगेच पुढारी वगैरे डोळ्यांपुढे आणू नका, ती खुर्ची वेगळी. तिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात. माझ्यावर बसायची पाळी आली, की हीच माणसं "तुम्ही व्हा पुढे, मला काही घाई नाही" असं म्हणत शेजारच्याला आत ढकलतात. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आहे.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात एका बाजूला दवाखान्याच्या खुर्च्या घडायच्या आणि दुसऱ्या बाजूला सलूनच्या. लोखंड एकच, रेक्झिन एकच, पोटातला तेलाचा पंपसुद्धा एकच. म्हणजे सलूनमधल्या खुर्च्या माझ्या सख्ख्या बहिणीच. त्यांच्यावर माणसं बसतात काय, पेंगतात काय, आरशात स्वतःला न्याहाळून खूश होतात काय! माझ्या वाट्याला आले ते घामेजलेले तळवे. एका घरातल्या मुलींची नशिबं किती वेगळी असू शकतात, ते माझ्याकडे बघून कळावं.

जन्मापासून मला एक खोड आहे. पायानं पंप दाबला की मी मुकाट वर जाते, पण खाली येताना माझ्या पोटातून लांबलचक सुस्कारा निघतो. हुऽऽश्श. पेशंटला वाटायचं, आपलं तोंड बघून डॉक्टरांनीच सुस्कारा सोडला. "एवढं वाईट आहे का हो?" असं बिचारे पडेल चेहऱ्यानं विचारायचे. डॉक्टर पंपात तेल घालून थकले, पण स्वभावाला औषध कुठून आणणार?

माणसांबद्दल माझी काही मतं आहेत. माणूस वर्षभर दातांकडे ढुंकून बघत नाही आणि माझ्याकडे यायच्या दिवशी सकाळी मात्र हिरड्यांतून रक्त येईपर्यंत ब्रश घासतो. मग माझ्यावर आडवा होऊन छातीठोकपणे सांगतो, "रोज दोनदा घासतो, डॉक्टर." रात्रभर ठणकणारा दात दवाखान्याच्या पायरीवर आला की नेमका दुखायचा थांबतो. ज्यांचे दंड माझ्या हातांएवढे जाड, त्यांचेच पाय सगळ्यात जास्त लटपटतात. बायका त्या मानानं धीराच्या. त्या पर्स पोटाशी घट्ट धरतात आणि डोळे मिटतात, बस्स.

आता आमच्या डॉक्टरांविषयी. हात सफाईचा, मन मऊ, आणि जीभ अशी की क्षणभर स्वस्थ बसायची नाही. त्यांना वाचायचं वेड होतं. पुस्तकं तर झालीच, पण वर्तमानपत्राचे कोपरे, औषधांच्या खोक्यातल्या घड्या, सामान बांधून आलेला कागद, काहीही. त्यातून जे जे अचाट सापडेल ते ते त्यांना कुणाला तरी सांगायचंच असायचं. घरी बायको उठून आत जायची. मग उरले कोण? पेशंट. माझ्यावर आडवे पडलेले, तोंड उघडलेले, कुठेही पळून न जाऊ शकणारे पेशंट.

"एक गंमत सांगू?" हे त्यांचं पालुपद. केळं हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं 'बेरी' आहे आणि स्ट्रॉबेरी मात्र नाही. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. इजिप्तमध्ये मोठे पिरॅमिड उभे राहिले तेव्हा दूर उत्तरेकडच्या एका बेटावर केसाळ मॅमथ अजून चरत होते. शार्क मासे झाडांच्याही आधी पृथ्वीवर आले. हे सगळं पेशंटला ओघाओघात कळायचं, एकेक, ज्याच्या त्याच्या दाताप्रमाणे. मी मात्र सगळं ऐकलं. जगातल्या कुठल्याही खुर्चीला माझ्याइतकं सामान्यज्ञान नसेल, आणि त्याचा मला आजवर कवडीचाही उपयोग झालेला नाही.

त्यांच्या त्या प्रसिद्ध पद्धतीचा शोध लागला तेव्हा माझ्यावर एक ट्रक ड्रायव्हर होता. धिप्पाड माणूस, पण सुई बघून घळाघळा रडत होता. डॉक्टर त्याला रमवत होते. "एक गंमत सांगू? शहामृगाचा डोळा असतो ना, तो त्याच्या..." एवढ्यात बाहेरून मावशींनी हाक मारली. मावशी म्हणजे आमच्या दवाखान्याच्या सर्वेसर्वा. नंबर लावणं, अवजारं उकळणं, पेशंटला दम देणं, सगळं त्याच बघायच्या. "डॉक्टर, पाण्याची टाकी भरून वाहतेय, मोटर बंद करू का?" डॉक्टर म्हणाले, "करा." बोलता बोलता हात आपलं काम करून मोकळा झाला.

"त्याच्या काय?" ड्रायव्हर म्हणाला.

"काय त्याच्या काय?"

"शहामृगाचा डोळा. त्याच्या कशापेक्षा काय? पटकन सांगा आणि मग काय ती सुई टोचा एकदाची."

"सुई टोचून झाली," डॉक्टर म्हणाले, आणि दोघंही एकमेकांकडे बघतच राहिले.

डोळा मेंदूपेक्षा मोठा असतो, हे ड्रायव्हरला दात निघाल्यावर कळलं. डॉक्टरांना मात्र त्या दिवशी त्याहून मोठी गोष्ट कळली. माणसाच्या डोक्यात अर्धवट गोष्ट अडकली, की दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही. त्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला. गंमत अर्धी सांगायची, सुई टोचायची, आणि उरलेली गंमत चूळ भरल्यावर.

रूट कॅनॉल असेल तर पंचाईत. ते काही एका बैठकीत उरकत नाही. मग डॉक्टर गमतीचेही तुकडे पाडायचे, आणि पेशंट आठवडाभर अर्ध्या डोक्यानं फिरायचा. आमच्याकडे एक किराणा दुकानदार यायचा, महाचिक्कू. त्याला पहिल्या बैठकीत सांगितलं, "प्राचीन रोममध्ये काही लोक दात पांढरे करायला एक वस्तू वापरायचे. ती आजही घरोघरी रोज तयार होते आणि कुणी तिचा एक पैसा घेत नाही." उरलेली पुढच्या बुधवारी. फुकट म्हटल्यावर दुकानदाराची झोप उडाली. त्यानं चुलीतली राख घासून पाहिली. भाज्यांची सालं घासून पाहिली. तांदूळ धुतलेल्या पाण्यानं गुळण्या करून पाहिल्या. बायकोला वाटलं, दाताचं दुखणं डोक्यात गेलं. बुधवारी तो पळतच आला आणि मीच काय, माझ्या शेजारची थुंकदाणीसुद्धा कान टवकारून बसली.

"लघवी," डॉक्टर म्हणाले.

दुकानदारानं मावशी ऐकत नाहीत ना, ते वळून बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आमच्या मनात एकदा आलं होतं ते बरोबरच होतं म्हणायचं."

हळूहळू सगळ्या गावालाच हे व्यसन लागलं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई अर्धी गंमत घेऊन गेल्या, की शिक्षकांच्या खोलीत पैजा लागायच्या. शिंपी माप घेता घेता हात थांबवून शून्यात बघायचा, आणि गिऱ्हाईक ओळखायचं की याचा दात अर्धा भरलाय. धडधाकट दातांच्या बायका येऊन "जरा बघा ना, कुठेतरी किडलं असेल" म्हणून गळ घालायच्या. किडलेलं काही सापडलं नाही की रुसायच्या.

मला विचाराल तर ते दिवस सोन्यासारखे होते. घाम कमी झाला होता. माझ्या हातांचं रेक्झिन नखांनी फाटायचं थांबलं होतं.

आणि मग डॉक्टरांची लेक शिकून परत आली. दातांचीच डॉक्टर होऊन आली. लहानपणी ती माझ्यावर चढून पंप दाबत वरखाली करायची, तेव्हा मला वाटायचं, ही आपलीच आहे. आल्या आल्या तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली, माझ्या सुस्काऱ्याला नाक मुरडलं आणि म्हणाली, "बाबा, हे धूड आधी इथून हलवा. हल्ली विजेवर चालणाऱ्या खुर्च्या मिळतात."

धूड! मी हे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यावाचून मला दुसरं काही करता येत नाही, हा भाग वेगळा.

पण खोटं कशाला बोलू, हात बापापेक्षाही हलका. हिरडीला आधी कसलंसं गार मलम लावायची, मग सुई अशी जायची की पेशंटच्या भुवया जागच्या हलायच्या नाहीत. काम चोख, नजर तीक्ष्ण. फक्त बोलायची नाही. "तोंड उघडा", "मोठं उघडा", "मिटा" एवढ्यात तिचा संवाद आटपायचा. पेशंट चूळ भरून वाट बघत बसायचे.

"झालं. उठा," ती म्हणायची.

"झालं? एवढंच?" ते विचारायचे, आणि पुढच्या खेपेला मावशींच्या कानाशी लागायचे. "मावशी, आमचा नंबर थोरल्या डॉक्टरांकडेच लावा बरं का. धाकट्या डॉक्टर चांगल्या आहेत हो, पण काही सांगत नाहीत."

संध्याकाळी बाप-लेकीची जुंपायची.

"बाबा, हा दवाखाना आहे की कोड्यांचं दुकान? मी पाच वर्षं घासून शिकले, आणि लोकांना गोगलगाईला हजारो दात असतात हे ऐकायचं असतं."

"असतात गं, खरंच. काही जातींना तर..."

"बाबा!"

"बरं, राहिलं. पण पेशंटचं भय कमी होतं की नाही?"

"भय कमी करायला औषध असतं. तुम्हाला स्वतःला कधी टोचून घ्यावी लागली, तर कळेल."

यावर डॉक्टर एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्यावर एकदाही बूड टेकवलं नव्हतं. दुपारी पाठ मोडून यायची, मी रिकामी असायचे, तरी ते शेजारच्या तीन पायांच्या स्टुलावर अवघडून बसायचे. आमचे डॉक्टर सुईला घाबरायचे. त्या ट्रक ड्रायव्हरपेक्षा, दुकानदारापेक्षा, मी पाहिलेल्या कुणाहीपेक्षा जास्त.

आणि एके दिवशी त्यांची अक्कलदाढ सुजली. साठीला टेकलेल्या माणसाची अक्कलदाढ! सकाळी ते वरच्या घरातून खाली आले तेव्हा उजवा गाल टम्म फुगलेला, आणि म्हणतात काय, "काही नाही, जरा वारं लागलं."

लेकीनं बापाला बळंच उजेडात धरलं, तोंडात बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "दाढ आतून सडलीय. गोळ्या देते, त्यानं सूज थोडी उतरेल. पण परवा काढायलाच हवी. पू घशाकडे सरकला तर इस्पितळात न्यावं लागेल, बाबा. मी गंमत करत नाहीये."

परवा उजाडला आणि डॉक्टर दवाखान्याच्या मागच्या दारानं फिरायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज अवजारांना धार नाही. अवजारांना धार! एक घोट पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, बोलणं निम्म्या तोंडानं चाललेलं, तरी हट्ट सुटेना. वर घरात त्यांची बायको मावशींना म्हणाली म्हणे, "माणसाचे हाल बघवत नाहीत गं. पण घर इतकं शांत मी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं."

शेवटी लेकीनं विचारलं, "बाबा, नक्की कशाची भीती वाटते?"

"अगं, माझी पद्धत माझ्यावर चालत नाही," डॉक्टर केविलवाणे होऊन म्हणाले. "कुठलीही अर्धी गंमत घे. उरलेली मला येते!"

ही बातमी बाहेर बसलेल्या पेशंटपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? गाव पेटून उठलं. आपल्या डॉक्टरांना चकित करायचंच, असा चंग बांधून माणसं ओळीनं आत येऊ लागली. डॉक्टर स्टुलावर, लेक सुई घेऊन तयार, आणि मी रिकामी.

मुख्याध्यापिकाबाई आधी आल्या. "डॉक्टर, एका देशानं मशीनगन देऊन सैनिक पाठवले. कुणाशी लढायला, माहीत आहे?"

"एमू," सुजलेल्या तोंडातून उत्तर आलं. "ऑस्ट्रेलिया. शेवटी पक्षीच जिंकले. पुढचा."

शिंपी आला. "फुलपाखराला चव कळते ती..."

"पायांनी. पुढचा."

दुकानदार तर घरी सराव करून आला होता. "वॉम्बॅट नावाचं एक जनावर आहे, त्याची लेंडी..."

"चौकोनी असते. मीच सांगितलं होतं तुम्हाला. डावीकडची दाढ भरताना."

दुकानदार ओशाळला. खरं तर सगळेच ओशाळले, कारण तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याजवळ जे काही अचाट होतं, ते सगळं या स्टुलावर बसलेल्या माणसानंच त्यांना दिलेलं होतं. त्याला परत द्यायला नवीन असं कुणाकडे काहीच नव्हतं.

बाहेर कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "स्वतःचा बाप हिच्या हाताखाली बसेना, आणि आपण बसायचं होय?"

लेकीनं ते ऐकलं. ती वळली, नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच अवजारं पुन्हा धुवायला लागली. तिचे खांदे हलत होते. मला धूड म्हणालेली ती पोरगी, पण तेव्हा मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. आणि डॉक्टरांचा राग आला. माणसानं घाबरावं, पण लेकीच्या अब्रूवर बेतेपर्यंत?

डॉक्टरांनाही ते ऐकू गेलं असणार. नळ वाहत होता, गाल ठणकत होता, आणि ते उठले. स्टुलापासून माझ्यापर्यंतचं अंतर ते काय! पण त्यांनी ते असं कापलं, जसं कुणी नदी ओलांडावी. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर बसले. वजनाला हलके निघाले. तळवे मात्र सगळ्यांसारखेच, घामानं चिंब.

लेकीनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं, मलम लावलं. मग सुई पाठीमागे धरून शांतपणे म्हणाली, "बाबा, एक गंमत सांगू?"

"सांग. येते मला," डॉक्टर डोळे घट्ट मिटून म्हणाले.

"इतक्या वर्षांत तुम्ही लोकांना ज्या गमती सांगितल्यात ना, त्यातली एक साफ खोटी आहे. तुम्ही ती अख्ख्या गावाला सांगितलीत."

डॉक्टरांचे डोळे खाडकन उघडले. "कुठली?"

"ती म्हणजे..." लेक म्हणाली, आणि सुई टोचली.

काय सांगू तुम्हाला! माझ्या हातांवरची त्यांची बोटं टाइपरायटर चालवावा तशी नाचायला लागली. शुक्र? नाही, शुक्र पक्का. मॅमथ? तोही पक्का. शार्क? केळं? सुई निघाली तरी त्यांना पत्ता नव्हता. "कुठली गं? हत्तीच्या दाढांची? हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, हे तर..." आणि बोलता बोलता ते थबकले. तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू!"

"सुईतलं औषध आहे. थेंब पडला जिभेवर."

"अगं, पण टोकावर पडला! टोकाला कडू लागलं!"

"मग?"

मग काय, ते मी सांगते, कारण डॉक्टरांची वाचाच बसली होती. पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटसाठी त्यांची एक गंमत ठरलेली होती. लहान असो, मोठा असो, पहिली सुई त्याच गमतीवर. "एक गंमत सांगू? जिभेचा नकाशा असतो. गोड कळतं टोकाला, आणि कडू कळतं फक्त..." इथे सुई. आणि चूळ भरल्यावर, "फक्त जिभेच्या मुळाशी." त्यांच्या आवडीची, त्यांच्या स्वतःच्या धंद्यातली, तोंडातली गंमत. आणि ती खोटी होती. चव जिथे कळते तिथे सगळ्याच चवी कळतात; असा काही नकाशा जिभेवर नसतो. हे कळायला फार शिकावं लागत नाही. एकदा खुर्चीत बसून सुईचा थेंब जिभेवर पडला, की पुरे.

डॉक्टर छताकडे बघत पडून राहिले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. लेक वाकून काम करत होती. माझ्या पाठीला दोन हिसके बसले, तिसऱ्याला काहीतरी ताटलीत टणकन पडलं.

"झालं," लेक म्हणाली.

"काय झालं?"

"दाढ."

डॉक्टरांनी ताटलीकडे बघितलंसुद्धा नाही. कापसाचा बोळा दाताखाली धरून त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं गं, जिभेचीच खोटी आहे ते?"

लेक चपापली. "मला कुठे काय कळलं, बाबा? मी थाप मारली. तुम्हाला गुंतवायला म्हणून. मी तुमच्या गमती लहानपणापासून कधी धड ऐकल्याच नाहीत."

मी त्या घटकेला सुस्कारा सोडायला हवा होता. पण मला खाली कुणी घेतलंच नाही.

डॉक्टर तसेच उठले आणि दार उघडून बाहेर गेले. बाहेर सगळे ताटकळत उभे. गाल सुजलेला, ओठ लोंबणारा, तोंडात बोळा, आणि त्या अवतारात त्यांनी हात जोडले. "जिभेचा नकाशा," ते बोबड्या आवाजात म्हणाले. "मी सांगितला तुम्हाला. तो खोटा आहे. माफ करा."

माणसं एकमेकांकडे चोरून बघायला लागली. मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "हो, माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुमचा तो थेंब माझ्या जिभेच्या टोकावर पडला होता. कडूजहर लागलं. तेच सांगत होते तुम्हाला, पण तुमचे दोन्ही हात माझ्या तोंडात."

"माझंही तेच!" दुकानदार म्हणाला. "मी आपला अं अं करतोय, आणि तुम्ही मावशींना म्हणता, बघा, किती आश्चर्य वाटलं यांना!"

सगळे हसायला लागले. डॉक्टरांना हसू येईना. "अहो, मग नंतर तरी सांगायचं!"

"नंतर तोंड बधिर असायचं," शिंपी म्हणाला. मग जरा थांबून, नजर चुकवत म्हणाला, "आणि तुम्ही इतके खूश दिसायचात, डॉक्टर. कुणाला सांगवेल?"

उघड्या दारातून मला डॉक्टरांची पाठ तेवढी दिसत होती. मग लेकीनं त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

त्यानंतर धाकट्या डॉक्टरांच्या दारापुढे रांग लागली, हे सांगायला नकोच. ज्या पोरीनं बापाला खुर्चीत बसवलं, तिच्यापुढे आपण कोण! विजेवरची खुर्ची आली. गोरीपान, गुळगुळीत, वरखाली होताना हूं की चूं नाही. मला वाटलं, आता मी भंगारात. पण डॉक्टरांनी मला बाहेरच्या खोलीत, खिडकीशी ठेवून घेतलं. माझा पंप कायमचा बसलाय. माझ्यावर आता तेच बसतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकदा बसायची भीड मोडली, ती मोडलीच.

आणि ते बोलत नाहीत, ऐकतात. पेशंट आपला नंबर येईपर्यंत त्यांना काहीबाही सांगतात. शिंप्याला कुठल्या कापडाला किती सुरकुत्या पडतात ते ठाऊक, ड्रायव्हरला कुठल्या घाटात रेडिओ बंद पडतो ते. हे कुठल्याच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेलं नसतं. इतकी वर्षं हे सगळं माझ्यावर येऊन, तोंड उघडून, न बोलता परत जात होतं, याचं त्यांना फार वाटतं. तसं ते मावशींना बोलूनही दाखवतात.

लेकीचंही एक नवीन खूळ आहे. दवाखाना बंद करताना ती हात पुसत बाहेर येते. काल म्हणाली, "बाबा, एक गंमत सांगू? समुद्रघोड्याची पिल्लं असतात ना, ती आईच्या पोटातून बाहेर येत नाहीत, तर..."

"तर?"

"उद्या सांगते. सकाळी लवकर खाली या." आणि तिनं दिवा मालवला.

मावशी म्हणतात, पोरगी दुष्ट आहे, म्हाताऱ्याला रात्रभर ताटकळत ठेवते. मी काही बोलत नाही. समुद्रघोड्याची पिल्लं बापाच्या पोटातून येतात. ही गंमत मी डॉक्टरांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलीय. काल ते "तर?" म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज असा होता, की जन्मात हे कधी ऐकलंच नसावं. आणि आज सकाळी मावशी कुलूप काढायला आल्या, तर ते आधीच दारात येऊन उभे.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर माझ्याशेजारच्या बाकावर खुशाल बसा, चार गोष्टी सांगा. फक्त एवढी एक कृपा करा. डॉक्टरांना ते आधीच माहीत होतं, हे तिला सांगू नका.